रंजनाचे स्मरण, प्रतीक्षेचे रूप

मराठी समीक्षेत ‘स्मरणरंजन’ ही संज्ञा बहुधा दोषदर्शनासाठी योजली जाते. एखाद्या आत्मचरित्राला वा ललित लेखसंग्रहाला ‘स्मरणरंजनपर’ म्हटले, की त्या लेखनात भूतकाळाची चिकित्सा नाही, तो केवळ गोड करून घेतलेला आहे, असा निवाडा त्या विशेषणातच अनुस्यूत असतो. या सामासिक शब्दाची रचना पाहिली तर स्मरण हे साधन आणि रंजन हे त्याचे फलित, असा संबंध तीत दिसतो. त्यामागे एक गृहीतही आहे. जे स्मरले जाते, मग ते घर असो, गाव असो, ऋतू असो वा माणसे असोत, ते मुळात रंजनव्यवहाराच्या बाहेरचे असते. रंजकता त्याला नंतर, स्मरणाच्या प्रक्रियेत चिकटते. मात्र स्मरणाचा विषयच मुळात रंजनाची एक उत्पादित वस्तू असेल, तर या संज्ञेचे काय करायचे? अशा वेळी स्मरणरंजनाऐवजी रंजनाच्या स्मरणाचा विचार करावा लागतो, आणि समीक्षेचे नेहमीचे निकष तेथे अपुरे पडू लागतात.

या प्रश्नाची चर्चा करण्यासाठी अमेरिकी सणांच्या बालस्मृतींचा प्रांत विशेष उपयुक्त आहे. ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविनपासून नाताळापर्यंतचे दोन महिने हा अमेरिकी बालपणाच्या आठवणींचा जणू राखीव काळ आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढलेल्या पिढ्यांच्या या आठवणींत चर्चमधील प्रार्थना किंवा आजीच्या हातचे पदार्थ यांच्या बरोबरीने दूरचित्रवाणीवरील अर्ध्या तासाची व्यंगचित्रपटे, दुकानांची सचित्र सूचिपत्रे, प्लास्टिकचे मुखवटे आणि गोळ्या-चॉकलेटांची वेष्टने येतात. ही सारी बाजारपेठेची निर्मिती होय. म्हणून या आठवणी खोट्या ठरतात काय, हा येथील मूळ प्रश्न आहे. या आठवणींचे सत्य वस्तूंत शोधू नये, त्या वस्तूंभोवती मुलाने केलेल्या प्रतीक्षेच्या रूपबंधात शोधावे, आणि या प्रांतातील ज्या कृती टिकून राहिल्या त्यांच्या केंद्रस्थानी बहुधा या प्रतीक्षेचा भंगच असतो, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

प्रथम एक ऐतिहासिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पूर्वी हे सण ‘खरे’ होते आणि पुढे व्यापाराने ते बिघडवले, अशी एक सुलभ कथा नेहमी सांगितली जाते. नाताळाच्या वाङ्मयीन इतिहासाकडे पाहता ही कथा टिकत नाही. वॉशिंग्टन आयर्विंगने 1819–20 मध्ये खंडशः प्रसिद्ध केलेल्या ‘द स्केच बुक’ या पुस्तकात इंग्लंडमधील एका जमीनदाराच्या वाड्यावरील नाताळाचे वर्णन आहे. हा जमीनदार लोप पावत चाललेल्या प्रथा जुन्या ग्रंथांच्या आधारे हट्टाने पुन्हा पाळतो. म्हणजे अमेरिकी नाताळाच्या एका आद्य वाङ्मयीन चित्रातच नाताळ हा ‘हरवलेला’ म्हणून अवतरतो. क्लेमंट मूर याच्या नावावर असलेली सेंट निकोलसविषयीची कविता 1823 मध्ये एका वृत्तपत्रात निनावी छापली गेली. ती आणि 1843 मधील डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही कादंबरिका यांनी हा सण घरगुती आणि बालकेंद्री करण्यास हातभार लावला. लाल नाकाचा रेनडिअर रूडॉल्फ आज लोककथेतील पात्रासारखा वावरतो. पण तो 1939 मध्ये माँटगोमेरी वॉर्ड या दुकानसाखळीने ग्राहकांना वाटण्यासाठी काढलेल्या पुस्तिकेत जन्माला आला. रॉबर्ट मे हा त्याचा कर्ता त्या कंपनीच्या जाहिरात-लेखन विभागात नोकरीला होता. हॅलोविनची मुळे आयरिश आणि स्कॉटिश स्थलांतरितांच्या प्रथांत असली, तरी मुलांनी वेष पालटून घरोघर खाऊ मागत फिरण्याची ‘ट्रिक-ऑर-ट्रीट’ची चाल 1930 च्या दशकात पसरू लागली, युद्धकालीन साखरेच्या नियंत्रणामुळे थबकली आणि 1950 च्या दशकात देशव्यापी झाली. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी 1983 मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाने ‘परंपरेची निर्मिती’ ही जी कल्पना रूढ केली, तिची ही ठळक उदाहरणे आहेत. येथे मागे जाऊन स्पर्श करावा असा निर्भेळ उगम नाही. उगमापाशीही छापील पान आहे, दुकान आहे आणि आधीच हरवलेल्या कशाची तरी ओढ आहे.

या ओढीचा सैद्धांतिक विचार मुख्यतः तीन अंगांनी झालेला दिसतो. फ्रेड्रिक जेमसन याने उत्तराधुनिकतेवरील आपल्या विवेचनात, विशेषतः 1991 च्या ग्रंथात, ‘अमेरिकन ग्रॅफिटी’ (1973) सारख्या चित्रपटांच्या आधारे असे दाखवले, की उत्तर-भांडवलशाहीत इतिहासाची जागा ‘भूतकाळपणा’ सूचित करणाऱ्या चकचकीत प्रतिमा घेतात. सूझन स्टुअर्ट हिने ‘ऑन लाँगिंग’ (1984) मध्ये अशी मांडणी केली, की स्मरणाकुल मन ज्याची आस धरते तो भूतकाळ कथनाबाहेर कधी अस्तित्वातच नसतो. स्मृतिचिन्हरूप वस्तू त्या अभावाला कथन पुरवते. स्वेतलाना बॉइम हिने ‘द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया’ (2001) मध्ये योहानेस होफर या वैद्याने 1688 मध्ये एका व्याधीसाठी घडवलेल्या शब्दापासून आरंभ करून पुनःस्थापक आणि चिंतनशील अशा दोन प्रवृत्ती वेगळ्या केल्या. पहिली हरवलेले घर पुन्हा बांधू पाहते. दुसरी त्या हरवण्याशीच रेंगाळते.

या तिन्ही मांडण्या मोलाच्या आहेत. परंतु सणांच्या बालस्मृतींना त्या लावून पाहिल्या की एक बाजू निसटते. तिन्हींत भर आहे तो प्रतिमा, वस्तू वा स्थळ यांवर. सणाची आठवण मात्र मूलतः कालबद्ध असते. ती दिनदर्शिकेला बांधलेली असते. व्यक्तीची स्मृती सामाजिक चौकटींवाचून उभी राहत नाही, असे मोरिस हाल्बवाक्स याने 1925 मध्ये मांडले होते. अमेरिकी मुलांसाठी 1960 च्या दशकापासून अशी एक चौकट दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकाने पुरवली. ‘रूडॉल्फ’ 6 डिसेंबर 1964 रोजी, ‘अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस’ 9 डिसेंबर 1965 रोजी, ‘इट्स द ग्रेट पम्पकिन, चार्ली ब्राऊन’ 27 ऑक्टोबर 1966 रोजी आणि ‘हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस’ त्याच वर्षीच्या 18 डिसेंबरला प्रथम प्रक्षेपित झाले. हे चित्रपट वर्षातून एकदा, ठरल्या संध्याकाळी दिसत. घरोघरी ध्वनिचित्रमुद्रण यंत्रे येईपर्यंत ती संध्याकाळ हुकली की वर्षभर थांबणे भाग असे. कारखान्यात वा चित्रनिर्मितीगृहात तयार झालेल्या मालाला ऋतूचे गुणधर्म प्राप्त झाले ते या दुर्मिळतेमुळे. ही दुर्मिळता वाहिन्यांच्या व्यापारी सोयीतून आली होती, हे खरे आहे. मुलाच्या अनुभवात मात्र ती पहिल्या थंडीसारखी, आपल्या हाती नसलेली आणि म्हणूनच वाट पाहण्याजोगी गोष्ट होती.

प्रतीक्षा हा या स्मृतींचा केवळ बाह्य संदर्भ नाही, हे ‘ग्रेट पम्पकिन’ची संहिता तपासली असता ध्यानात येते. चार्ल्स शुल्झ याच्या ‘पीनट्स’ या चित्रमालिकेवरील या चित्रपटात लायनस नावाचा मुलगा हॅलोविनच्या रात्री भोपळ्याच्या मळ्यात जागत बसतो. जो मळा सर्वांत निष्कपट असेल तेथे महान भोपळा प्रकट होतो आणि मुलांना खेळणी वाटतो, अशी त्याची श्रद्धा आहे. सांताक्लॉजची ही उघड विडंबनप्रतिमा आहे. विशेष असा, की या देवतेला लायनसखेरीज भक्त नाही. त्याच्यावरच्या प्रेमापोटी सॅली वेष पालटून फिरण्याचा आनंद सोडून त्याच्यासोबत बसते. अखेर मळ्यातून जी आकृती वर येते ती स्नूपी या कुत्र्याची असते. लायनस मूर्च्छित पडतो, आणि सॅली आपली रात्र फुकट गेल्याबद्दल आकांडतांडव करते. पहाटे चार वाजता थोरली बहीण ल्यूसी उठते, मळ्यात कुडकुडत झोपलेल्या भावाला घरी आणून निजवते. एरवी कजाग म्हणून रंगवलेल्या या मुलीची ही कृती एका शब्दाविना दाखवलेली आहे. दुसऱ्या दिवशी लायनस पुढच्या वर्षीची ग्वाही देऊ लागतो.

येथे कथेचे आशयसूत्र आणि तिच्या प्रक्षेपणाचे रूप यांच्यात एक लक्षणीय अनुबंध निर्माण होतो. पात्र वर्षभर ज्याची वाट पाहते ते येत नाही. प्रेक्षक मूल वर्षभर ज्याची वाट पाहते ते येते. पण जे येते ती न येण्याचीच कथा असते. उपकथानकात चार्ली ब्राऊन घरोघर फिरतो, आणि इतरांच्या पिशव्यांत खाऊ पडत असता त्याच्या पिशवीत प्रत्येक घरी दगड पडतो. पहिल्या प्रक्षेपणानंतर अनेक मुलांनी चार्ली ब्राऊनसाठी गोळ्या-चॉकलेटे पाठवली, ही हकिकत निर्मात्यांनी पुढे वारंवार सांगितली आहे. वाचकप्रतिसादाच्या सिद्धांतात रस असणाऱ्यांनी या प्रतिसादाकडे गंभीरपणे पाहिले पाहिजे. संहितेने जो अभाव उघडा ठेवला तो भरून काढण्यासाठी मुलांनी बाजारातलीच वस्तू वापरली. तिचा उपयोग मात्र विकत घेणाराचा नव्हता, देणाराचा होता.

‘अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस’मध्ये हाच पेच अधिक उघडपणे मांडलेला आहे. सणाच्या व्यापारीकरणाने खिन्न झालेला नायक ॲल्युमिनियमच्या रंगीत झाडांच्या बाजारातून एक मरगळलेले, खरेखुरे रोप निवडतो. या चित्रपटाचा प्रायोजक कोकाकोला ही कंपनी होती, आणि मूळ प्रक्षेपणात कथाचित्रांमध्येच गुंफलेले कंपनीचे नाव नंतरच्या आवृत्त्यांतून काढले गेले. व्यापारीकरणाची टीका व्यापाराच्याच पैशाने घरोघर पोहोचली, ही विसंगती दाखवून थांबणे सोपे आहे. परंतु तेवढ्यावर थांबणारी समीक्षा संहितेच्या मागेच राहते. कारण मालमसाल्याच्या मधोमध उभे राहून अर्थाची विचारणा करावी लागते, ही स्थिती तर या कथेने स्वतःच मांडलेली आहे.

प्रतीक्षाभंगाचे याहून कठोर चित्र जीन शेफर्ड याच्या लेखनात आढळते. त्याच्या ‘इन गॉड वुई ट्रस्ट: ऑल अदर्स पे कॅश’ (1966) या पुस्तकातील कथांवर मुख्यतः बेतलेला, बॉब क्लार्क दिग्दर्शित ‘अ ख्रिसमस स्टोरी’ हा चित्रपट 1983 मध्ये आला. नाताळाला छऱ्याची बंदूक मिळावी म्हणून झुरणाऱ्या राल्फी या मुलाची ही कथा. तिच्यातील एक प्रसंग येथे महत्त्वाचा आहे. ‘लिटल ऑर्फन ॲनी’ या नभोवाणी-मालिकेचा भक्त असलेला राल्फी ओव्हल्टिनच्या डब्यांच्या खुणा साठवून, आठवड्यांमागून आठवडे टपालाची वाट पाहून सांकेतिक लिपी उलगडणारा बिल्ला मिळवतो. न्हाणीघराचे दार लावून, बाहेर धाकटा भाऊ खोळंबलेला असताना, तो एकेक अक्षर जुळवत जातो. आणि गुप्त संदेश म्हणून हाती येते ती ओव्हल्टिन पिण्याची जाहिरात.

या प्रसंगाची ताकद त्याच्या निवेदनतंत्रात आहे. अनुभव घेणारा नऊ वर्षांचा मुलगा आणि निवेदन करणारा प्रौढ यांच्यातील अंतर चित्रपटभर जाणवत राहते; प्रौढाचा आवाज स्वतः शेफर्डचा आहे. हा आवाज वीरकाव्याची भारदस्त भाषा न्हाणीघरातील धडपडीला लावतो. त्यातून विनोद निर्माण होतो. पण प्रौढ निवेदक त्या मुलाला मूर्ख ठरवत नाही. फसवणूक जाहिरातीने केलेली आहे. उत्कंठा मात्र मुलाची स्वतःची आहे, आणि ती कोणी त्याला विकलेली नाही. संदेश क्षुद्र निघाला म्हणून तो उलगडण्याचे श्रम क्षुद्र ठरत नाहीत. जेमसनची चकचकीत प्रतिमा आणि शेफर्डचे स्मरण यांतील भेद या ठिकाणी स्पष्ट होतो. पहिलीत वस्तू परत मिळते. दुसऱ्यात वस्तूने केलेला अपेक्षाभंगही परत मिळतो, आणि त्यासोबत त्या मुलाला प्रथमच आलेली व्यवहाराची जाणीव. हाच चित्रपट पुढे 1997 पासून दरवर्षी नाताळात चोवीस तास सलग दाखवला जाऊ लागला आणि स्वतःच स्मरणाची वस्तू बनला. हे त्याचे यश आहे, तसेच त्याच्या उपरोधाला बसलेली कात्रीही आहे.

येथे कोणी असा आक्षेप घेईल, की वस्तूंच्या गर्दीपलीकडचे, हाताने घडवलेले बालपण अमेरिकी साहित्यात आहेच, आणि खरे स्मरण तेच होय. ट्रुमन कपोटी याची ‘अ ख्रिसमस मेमरी’ (1956) ही कथा त्याचे उदाहरण म्हणून पुढे केली जाते. मंदीच्या काळातील ग्रामीण अलाबामात एक मुलगा आणि त्याची साठी ओलांडलेली दूरची बहीण पै-पैसा साठवून सुक्या मेव्याचे केक भाजतात. ते अनोळखी किंवा अर्धवट ओळखीच्या माणसांना, अगदी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनाही, पाठवतात; एकमेकांना पतंग करून देतात. या वृद्धेने कधी चित्रपटही पाहिलेला नाही. तरीही झाडाच्या सजावटीसाठी दोघे जे देवदूत बनवतात ते हर्शी चॉकलेटांच्या जपून ठेवलेल्या चंदेरी कागदांचे असतात. हा तपशील वरील आक्षेपाला पुरेसे उत्तर देतो. हस्तनिर्मित स्मृतीतही बाजार आहे. फरक आहे तो वस्तूशी असलेल्या संबंधात. वर्षभर चपट्या करून ठेवलेल्या त्या कागदांत जी प्रतीक्षा साठते, तीच राल्फीने जमवलेल्या डब्यांच्या खुणांत आहे. कपोटीचे देवदूत आणि शेफर्डचा बिल्ला यांत ‘अस्सल’ आणि ‘नकली’ अशी भिंत उभी करणे म्हणूनच उचित नव्हे.

या प्रतिपादनाची एक मर्यादा मात्र येथेच नोंदवली पाहिजे. सर्व मुले मिळून वाट पाहतात, असे म्हणताना ‘सर्व’ या शब्दाची तपासणी होत नाही. ‘पीनट्स’मध्ये फ्रँकलिन हा पहिला कृष्णवर्णीय मुलगा 31 जुलै 1968 रोजी आला. मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येनंतर हॅरिएट ग्लिकमन या शिक्षिकेने शुल्झला पाठवलेल्या पत्राचा त्यामागे प्रत्यक्ष संबंध होता. हॅलोविन आणि नाताळ यांच्यामधल्या थँक्सगिव्हिंगवरील 1973 च्या चित्रपटात जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला फ्रँकलिन एकटाच बसलेला दिसतो. बाकीची मुले दुसऱ्या बाजूंना आहेत. अनेकांच्या आठवणीत हे दृश्य निरागस भोजन म्हणून राहिले; इतरांना त्यात वेगळी पंगत दिसली. 2024 मध्ये आलेल्या फ्रँकलिनविषयीच्या चित्रपटात लायनस त्याला आपल्या बाजूला येऊन बसण्यास सांगतो, आणि अशा रीतीने त्या जुन्या दृश्यात दुरुस्ती केली गेली. बॉइमच्या परिभाषेत विचारायचे तर ही कृती पुनःस्थापक की चिंतनशील? जुने दृश्य पुसून न टाकता त्याला उत्तर देणारे नवे दृश्य रचले गेले, हे तिच्या बाजूने म्हणता येईल. तथापि पन्नास वर्षे चाललेल्या वार्षिक पुनरावृत्तीने जे मनांवर ठसले, ते एका दृश्याने फिटते असे मानणे भाबडेपणाचे होईल. सामूहिक प्रतीक्षेचे मूल्य मान्य करताना तिच्या टेबलावरील जागांची वाटणी विचारात घ्यावीच लागते.

प्रतीक्षेचे महत्त्व सर्वांत स्पष्टपणे दिसले ते ती संपली तेव्हा. ‘पीनट्स’चे हे चित्रपट प्रथम सीबीएस आणि 2001 पासून एबीसी या वाहिनीवर दरवर्षी लागत. ऑक्टोबर 2020 मध्ये त्यांचे हक्क ॲपल कंपनीच्या वर्गणी-आधारित सेवेकडे गेल्याचे जाहीर झाले आणि प्रेक्षकांत मोठी नाराजी पसरली. परिणामी त्या वर्षी थँक्सगिव्हिंग आणि नाताळाचे, तर 2021 मध्ये हॅलोविनसह तिन्ही चित्रपट सार्वजनिक वाहिनीवर जाहिरातींविना दाखवले गेले. 2022 पासून ती सोयही उरली नाही. ठरावीक दिवशी विनाशुल्क पाहण्याची मुभा कंपनीने ठेवली होती, आणि वर्गणीदाराला तर ते वर्षभर केव्हाही उपलब्ध होते. म्हणजे वस्तू हरवली नव्हती. उलट ती पूर्वीपेक्षा अधिक सुलभ झाली होती. तरीही लोकांना काही हिरावले गेल्यासारखे वाटले. ही नाराजी केवळ वस्तूपूजक स्मरणाकुलतेने स्पष्ट होत नाही. सर्वांनी एकाच संध्याकाळी, न निवडता, एकत्र पाहण्याची सक्ती नाहीशी झाली, आणि त्या सक्तीतच एक सार्वजनिकता होती. मागणीनुसार केव्हाही उगवणारा भोपळा लायनसच्या कामाचा नाही.

या विवेचनातून मराठी समीक्षेसाठी एक निकष सुचवता येतो. बालपणीच्या लोकप्रिय संस्कृतीचे स्मरण करणाऱ्या लेखनाची आपल्याकडेही वाढ होत आहे. त्याचे मूल्यमापन करताना भूतकाळ गोड केला आहे काय, एवढेच विचारून भागणार नाही. कारण जी वस्तू मुळात गोड म्हणूनच विकली गेली तिच्याबाबत हा प्रश्न निरर्थक ठरतो. विचारायला हवे ते असे: या स्मरणात न मिळालेल्या गोष्टीला जागा आहे काय? पिशवीतले दगड, बिल्ल्यातून निघालेली जाहिरात, टेबलाची रिकामी बाजू यांना संहितेने सांभाळले आहे, की केवळ मिळालेल्या वस्तूंची यादी दिली आहे? यादी देणारे लेखन सूचिपत्राच्या कुळातले होय, आणि ‘स्मरणरंजन’ ही दोषदर्शक संज्ञा त्याला खुशाल लावावी. हुकलेल्या प्रतीक्षेची वेदना आणि तिच्यातून आलेली समज जे लेखन जपते, त्याच्यासाठी मात्र ती संज्ञा अपुरी आहे. तेथे रंजन हा स्मरणाचा विषय असतो, त्याचा हेतू नसतो. आणि हा भेद करता येणे ही लोकप्रिय संस्कृतीच्या गंभीर समीक्षेची पहिली अट होय.